दाताचा डॉक्टर समुद्रात

जुना फोन मेला नव्हता.
खारानं त्याचं तोंड गंजलं होतं एवढंच,
चार्जरची पिन आत जायची, पण ठरायची नाही.
रबर बांधून, खाली काड्यापेटी देऊन
दोन हंगाम जगवला त्याला.

मासेमारीची बंदी उठायला चार दिवस असताना
हर्णैच्या चढावरच्या दुकानात
पोरानं दोन्ही फोन काउंटरवर शेजारी निजवले.
"सगळं घ्यायचं ना, काका?"
सगळंच घे म्हटलं.
बर्फवाल्याचे तीन नंबर, त्यातला एकच उचलणारा.
डिझेलच्या पावत्यांचे फोटो.
खलाशांच्या उचलीचा हिशोब, माझ्याच आवाजात,
मागे इंजिनाची धडधड.
पोरीच्या नर्सिंगच्या समारंभाचे एकशे बारा फोटो,
शंभरात तिचे डोळे मिटलेले.
आणि जागा.

पोरगा पावशांचा. मामा त्याचा हरेश्वर,
दोन ट्रॉलर, आणि माझ्या जाळ्यामागून फिरायची जुनी खोड.
म्हणून मी स्टुलावरून हललो नाही.
चहा आला, त्यावर साय धरली.
कंपनी म्हणते, सुरक्षित म्हणजे पासवर्ड.
मी म्हणतो, बाळा, तोंड जरा तिकडे कर.

तो तिकडे वळेपर्यंत नकाशा उघडला.
निळ्यावर लाल टिकल्या.
"काका, दाताचा डॉक्टर समुद्रात?"
मी गप्प.
"पिठाची गिरणी पण? आणि विम्याचा हप्ता
पार बाणकोटच्या बाहेर?"
म्हटलं, दात दुखतात माझे.
तो हसला नाही.
खाली मान घालून हळूच म्हणाला,
"मामाचं आधार केंद्रपण तिकडंच आहे कुठंतरी."
कुठं, ते त्यानं सांगितलं नाही.
मी विचारलं नाही.
जीभ मात्र दाताखाली धरून बसलो.

बासष्ट टक्क्यांवर लाइट गेली.
जुन्यात बॅटरी पाच.
त्यानं पॉवर बँक लावली, पिन अंगठ्यानं दाबून धरली,
आणि तसाच बसला, वीस मिनिटं,
नख पांढरं पडेपर्यंत.
मामाचं मीठ खाऊन.

"झालं. जुना पुसून टाकू?"
नको, म्हटलं. राहू दे.

एक जागा दोन्हीत नव्हती.
ती बापानं दिलेली, होडीत उभ्यानं, बोट दाखवून.
दीपस्तंभ आणि टेकडीवरची उंडी
एकावर एक आली की थांब,
शिसं सोड, चौदा वाव, खाली खडक,
खडकाच्या कडेनं तांबोशी.
एकदाच सांगितलं. परत विचारलं तर म्हणाला,
कान घरी ठेवून आलास काय?
वादळाच्या वर्षी उंडी मुळासकट गेली.
तेव्हापासून दीपस्तंभ नुसताच,
अर्धवट तोडलेल्या वाक्यासारखा.

एक तारखेला काळोखात निघालो.
नव्या काचेवर टिकल्या आपापल्या ठिकाणी,
डॉक्टर, गिरणी, हप्ता, कुणी हललं नव्हतं.
रेंज गेली तेव्हा सहज मागं पाहिलं.
टेकडीवर, उंडीच्या जराशी डावीकडे,
मोबाइलचा टॉवर. टोकाला तांबडा दिवा.
हा कधी उभा राहिला?
दिवा सरकत सरकत
दीपस्तंभाच्या मागे गेला.
मी इंजिन मंद केलं.

जाळं टाकलं. ओढताना अडकलं.
दोघं लागले, मग चौघं,
शेवटी फाटून वर आलं,
हातभर भगदाड, एक तांबोशी,
आणि खडकाचा मूठभर ओला तुकडा.
खलाशी शिव्या घालत होते, माझ्याकडे न बघता.
मी तो तुकडा खिशात घातला.

वसंता म्हणाला, तांडेल, टिकली मारून ठेवा इथं,
पुन्हा चुकून यायला नको.

फोन काढला.
ओल्या बोटाला काच दाद देईना.
आणि नाव काय द्यावं, तेही सुचेना.